मक्यातले विष आणि गुणसूत्रांचा नकाशा

आधी कुत्री मरू लागली. 1974 साल सरत आले होते. राजस्थानातले बांसवाडा आणि डुंगरपूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला गुजरातचा पंचमहाल, हा सगळा भिल्लांचा मुलूख. घरच्या अन्नावर जगणाऱ्या कुत्र्यांना कावीळ झाली, त्यांची पोटे पाण्याने फुगली. पाठोपाठ त्याच घरांतल्या माणसांना कावीळ झाली आणि बघता बघता जलोदरही. दीडशेहून अधिक गावांतून अशाच बातम्या येऊ लागल्या. नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा छडा लावला. संसर्गाने पसरणारी कावीळ कोणाच्या ताटात काय आहे ते बघून येत नाही. ही मात्र मका हेच मुख्य अन्न असलेल्या आदिवासी घरांतच शिरली होती आणि दर वेळी आधी कुत्री आजारी पडत होती. संशय भाकरीवर गेला. घरांतून आणलेला मका तपासला तेव्हा त्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी आणि तिने तयार केलेले अफलाटॉक्सिन हे विष सापडले. प्रमाण किलोला 6.25 ते 15.6 मिलिग्रॅम. आज भारतात धान्यासाठी घातलेली मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या मक्यात आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष होते. लोकांनी साधारण महिनाभर रोज 2 ते 6 मिलिग्रॅम विष पोटात घातले असावे, असा संशोधकांचा अंदाज होता.

कारणे त्यांनी नीट मांडली. आधीचा दीर्घ दुष्काळ, काढणीच्या तोंडावर आलेला अवकाळी पाऊस, धान्य साठवायला धड जागा नाही, आणि बुरसटलेल्या धान्याच्या धोक्याबद्दलचे अज्ञान. शेवटचे कारण जरा जपूनच वाचावे. दुष्काळाने पिचलेल्या घरात काळवंडलेला मका टाकून द्यायचा, तर त्या जागी दुसरे काहीतरी शिजवायला असावे लागते.

त्याच शोधनिबंधात एक नोंद आहे, तिच्याकडे वाचकांचे फारसे लक्ष जात नाही. पुढच्या वर्षी, 1975 मध्ये, त्याच भागातला मका पुन्हा तपासला तेव्हा विष किलोला 0.1 मिलिग्रॅमपेक्षाही कमी निघाले. मुलूख तोच, पीक तेच. फक्त हवामान बदलले आणि विष शंभरपटींच्या हिशेबाने उतरले. मक्यातली या विषाविरुद्धची ताकद कोणत्या जनुकांत दडली आहे, हे शोधायला पुढची काही दशके जे लोक बसले, त्यांची सगळी डोकेदुखी या एका नोंदीत आहे.

अफलाटॉक्सिनची ओळख तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. रोग कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. धागा शेवटी ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत गेला. पेंडीतली बुरशी सापडली, तिचे विष अतिनील प्रकाशात निळे आणि हिरवे चमकते हे कळले, आणि त्या चमकेवरूनच त्याच्या प्रकारांना बी आणि जी ही अक्षरे मिळाली. पुढे बी-1 हा प्रकार यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतो हेही सिद्ध झाले.

सुरुवातीला सगळ्यांनी दोष कोठाराला दिला. धान्य ओले ठेवले, बुरशी आली, विष झाले, असा सरळ हिशेब होता. 1970 च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी तो मोडला. तिथे मका शेतात उभा असतानाच कणसात विष तयार होत होते. 1977 च्या कडक दुष्काळात जॉर्जिया आणि आसपासच्या राज्यांतला मका मोठ्या प्रमाणावर नासला. उष्णता, पाण्याचा ताण आणि दाण्यांना भोके पाडणाऱ्या अळ्या, या तिघांची गाठ पडली की बुरशीला शेतातच रान मोकळे मिळते. मग कोठार कितीही कोरडे ठेवा, आत आलेले विष जात नाही. म्हणजे उत्तर बियाण्यात शोधायला हवे, असे पैदासकारांना वाटू लागले.

आणि त्यांना तसे वाटायला भक्कम कारण होते. बुरशीच्या विषाशी मक्याचे भांडण जुने होते आणि त्यातले दोन निकाल अगदी स्वच्छ लागले होते.

पहिला इंडियानातला. 1938 मध्ये तिथल्या मक्याच्या एका शुद्ध वाणावर पानांवर ठिपके पाडणारा आणि कणीस कोळशासारखे काळे करणारा रोग दिसला. अर्नॉल्ड अल्स्ट्रप यांनी त्याचा अभ्यास केला. संकरित बियाणे तयार करण्यासाठी मका पिढ्यान् पिढ्या स्वतःच्याच परागांनी फळवून शुद्ध करायची पद्धत तेव्हा नुकतीच रुळली होती. त्यात तोवर झाकून राहिलेले एक दुबळे जनुक उघडे पडले होते. ज्या मक्याकडे या जनुकाची धडधाकट प्रत असे, त्याला रोग होत नसे. प्रश्न एकाच जनुकाचा होता. त्याचे नाव एचएम-1, आणि त्याची जागा पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर. ही बुरशी एचसी-टॉक्सिन नावाचे विष सोडून मक्याच्या पेशींचा प्रतिकार लुळा पाडते. एचएम-1 पासून तयार होणारे विकर त्या विषाच्या रेणूत छोटासा रासायनिक बदल करून ते निकामी करते. 1992 मध्ये गुरमुख जोहल आणि स्टीव्हन ब्रिग्ज यांनी हे जनुक वेगळे काढले. रोगप्रतिकाराचे जनुक असे हाती लागण्याची वनस्पतिशास्त्रातली ती पहिलीच वेळ. त्यासाठी त्यांनी मक्याच्या गुणसूत्रांवर एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांचा उपयोग केला. असा तुकडा एचएम-1 मध्ये जाऊन बसला की झाड रोगाला बळी पडायचे, आणि तुकडा कुठे बसला ते शोधले की जनुक सापडायचे. पुढे असे दिसले की याच घराण्यातली जनुके गवतवर्गातल्या इतर पिकांतही आहेत. ज्वारी, भात, गहू यांनाही हे कवच पूर्वजांकडून मिळालेले आहे.

दुसरा निकाल महागात पडला. संकरित बियाणे तयार करताना मादी ओळीतल्या झाडांचे तुरे हाताने काढावे लागतात, नाहीतर ती स्वतःच्याच परागांनी फळतात. अमेरिकेत दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांच्या फौजा या कामाला लागत. टेक्सासमध्ये सापडलेल्या एका मक्याच्या पेशीद्रव्यात असा गुण होता की त्याच्या तुऱ्यात पराग तयारच होत नसत. बियाणे कंपन्यांना हवे ते आयतेच मिळाले. 1970 पर्यंत अमेरिकेतल्या संकरित मक्यापैकी जवळजवळ 85 टक्के मक्यात हे टेक्सासचे पेशीद्रव्य होते. फिलिपीन्समधल्या संशोधकांनी 1961 मध्येच सांगून ठेवले होते की हा मका पानांवरच्या करप्याला फार लवकर बळी पडतो. कोणी ऐकले नाही. 1970 च्या उन्हाळ्यात त्या करप्याच्या बुरशीचा नवा प्रकार फ्लोरिडाकडून उत्तरेकडे सरकत गेला आणि देशाचे सुमारे 15 टक्के पीक बुडाले. नंतर उलगडा झाला तो असा: पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधले एक जनुक तुऱ्यातले पराग मारत होते, आणि त्याच जनुकाचे प्रथिन बुरशीच्या टी-टॉक्सिनला दार उघडून देत होते. नपुंसकता आणि रोगाची शिक्षा, दोन्ही एकाच जागी. पेशीद्रव्य बदलले, रोग गेला. मुले पुन्हा तुरे काढायला शेतात उतरली.

एक विष, एक जनुक, एक उत्तर. अफलाटॉक्सिनचे काम हाती घेताना या दोन गोष्टी सगळ्यांच्या डोक्यात असणार. पण हे विष त्या जातीचे नव्हते. एचसी आणि टी ही दोन्ही विषे म्हणजे बुरशीने मक्यावर चालवलेली हत्यारे. अफलाटॉक्सिन मक्यावर चालवण्यासाठी नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस मातीत, मेलेल्या पाल्यापाचोळ्यातही मजेत जगते. तिच्या विष न बनवणाऱ्या जातीसुद्धा कणसात तेवढ्याच सहज वाढतात. मक्याच्या दृष्टीने हे विष म्हणजे त्याच्या दाण्यात तिसऱ्याच कोणीतरी ठेवलेली चीज आहे, आणि तिचा त्रास मक्याला होतच नाही, खाणाऱ्याला होतो. त्यामुळे या विषाला निष्प्रभ करणारे जनुक मक्यात उत्क्रांत व्हायला कारणच नव्हते. सापडणार होते ते इतकेच: बुरशीला आत येऊ न देणारे, आली तर वाढू न देणारे, आणि वाढली तरी तिला विष बनवायला पोषक परिस्थिती न देणारे असे पुष्कळ लहानलहान गुण. घट्ट मिटलेला कणसावरचा पाला, दाण्याच्या सालीवरचा मेणाचा जाड थर, दाण्यातली बुरशीला अडवणारी प्रथिने, दुष्काळातही तग धरण्याची ताकद. न्यू ऑर्लीन्सच्या सरकारी प्रयोगशाळेत रॉबर्ट ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात यातल्या बऱ्याच गोष्टी दाण्यादाण्यावर तपासल्या. विष कमी धरणाऱ्या वाणांच्या दाण्यांत ट्रिप्सिन या विकराला रोखणारे एक प्रथिन जास्त असते, हे त्यातूनच पुढे आले.

अशा विखुरलेल्या गुणांचा शोध घ्यायचा तर नकाशा लागतो. नकाशाच्या बाबतीत मका फार श्रीमंत पीक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेल विद्यापीठात रोलिन्स इमर्सन यांच्याभोवती जमलेल्या तरुण मंडळींनी त्याच्या गुणसूत्रांचे काम हाती घेतले. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याची दहाही गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळी ओळखून दाखवली. 1931 मध्ये त्यांनी आणि हॅरिएट क्रेटन यांनी नवव्या गुणसूत्रावर सिद्ध केले की आईबापांकडून आलेली गुणसूत्रे आपापले तुकडे खरोखरच बदलून घेतात. 1935 मध्ये इमर्सन, जॉर्ज बीडल आणि ॲलन फ्रेझर यांनी तोवर माहीत असलेली मक्याची जनुके ओळीने मांडून दाखवली. पण ती जनुके डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांची होती: दाण्याचा रंग, पानाची ठेवण, बुटकेपणा. अमुक दाण्यात किती मायक्रोग्रॅम विष आहे, हा गुण रंगासारखा ‘आहे किंवा नाही’ असा नसतो.

अशा कमीजास्त मापाच्या गुणांना नकाशावर पकडण्याची कल्पना 1923 मध्ये कार्ल सॅक्स यांनी घेवड्यावर वापरून दाखवली होती. बियांच्या रंगाबरोबर त्यांचे वजनही वारशाने येते आहे, म्हणजे वजनावर परिणाम करणारे काहीतरी रंगाच्या जनुकाशेजारी आहे, असा त्यांचा तर्क. ही कल्पना अर्धे शतक तशीच पडून राहिली, कारण गुणसूत्रांवर खुणा पुरेशा नव्हत्या. 1980 मध्ये डेव्हिड बॉटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी डीएनएमधल्या बारीक फरकांनाच खुणा मानावे असे सुचवले आणि खुणांचा दुष्काळ संपला. 1989 मध्ये एरिक लँडर आणि बॉटस्टाइन यांनी दोन खुणांच्या मधल्या जागेचे गणितही बसवून दिले. कमीजास्त मापाच्या गुणांवर परिणाम करणाऱ्या अशा जागांना ‘क्यूटीएल’ म्हणायचे रुळले.

हे सगळे शेतात उतरले ते मिसिसिपीत. मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या आवारात असलेल्या अमेरिकी कृषी खात्याच्या केंद्रात जीन स्कॉट आणि नताले झुमो यांनी 1980 च्या दशकात शेकडो वाण घेऊन एकच काम चालवले: कणसात मुद्दाम बुरशी टोचायची आणि कोणते वाण तग धरते ते बघायचे. हे काम कोणाला दिमाखदार वाटणार नाही. कणसाचे केस बाहेर आले की दिवस मोजायचे. मग पाल्यातून सुई घालून बुरशीच्या बीजाणूंचे पाणी दाण्यांत सोडायचे, प्रत्येक झाडाला, ओळीमागून ओळ, दक्षिणेच्या दमट उन्हात. पीक तयार झाले की कणसे काढायची, वाळवायची, दळायची आणि विष मोजायचे. कुठल्या वर्षी पाऊस वेळेवर पडला तर सगळेच वाण शहाणे दिसणार आणि वर्ष वाया जाणार. 1975 चा बांसवाड्याचा मका आठवावा. त्यात पुन्हा एकाच कणसात एक दाणा विषाने भरलेला आणि त्याच्या शेजारचा निर्मळ, अशी या बुरशीची तऱ्हा. म्हणून एकच वाण अनेक ठिकाणी, अनेक वर्षे आणि अनेक ओळींत लावल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

या खटाटोपातून 1990 मध्ये एमपी-313-ई हे वाण बाहेर आले. अफलाटॉक्सिनविरुद्धच्या प्रतिकारासाठी म्हणून जाहीर झालेले ते सुरुवातीचे महत्त्वाचे वाण. त्याचे मूळ मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या टुक्सपान मक्यात आहे. मागोमाग एमपी-420, आणि पुढे पॉल विल्यम्स व गॅरी विंडहॅम यांच्या हातून एमपी-715, एमपी-717 अशी भावंडे आली. दक्षिणेत जॉर्जियातल्या टिफ्टनला, उत्तरेत इलिनॉयला डॉन व्हाइट यांच्याकडे असेच शोध चालू होते. इलिनॉयच्या कामातून पुढे आलेले टेक्स-6 हे वाण यातलेच. पण एमपी-313-ई शेतकऱ्याला द्यावे असे वाण नव्हते. झाड उंच, पिकायला उशीर. त्याच्यातले चांगले तेवढे उचलून चांगल्या उत्पन्नाच्या मक्यात घालायचे होते, आणि ते ‘चांगले’ नेमके कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हते.

इथे नकाशा उपयोगी पडला. एमपी-313-ई आणि विषाला लवकर बळी पडणारे बी-73 यांचा संकर करायचा. त्यांच्या नातवंडांत, म्हणजे दुसऱ्या पिढीत, दोन्ही आजोबांच्या जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या वाटणीने आलेले असतात. प्रत्येक नातवंडाच्या पानातला डीएनए काढून दहा गुणसूत्रांवर जागोजागी खुणा तपासायच्या, म्हणजे कोणता तुकडा कुठल्या आजोबांचा ते कळते. मग त्या झाडांच्या संततीच्या ओळी लावून बुरशी टोचायची आणि विष मोजायचे. ज्या खुणेजवळ एमपी-313-ई चा तुकडा असताना विष सतत कमी निघते, तिथे काहीतरी आहे. थॉमस ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये या संकराचा निकाल जाहीर केला, तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या गुणसूत्रावर अशा दोन जागा ठळक दिसल्या. पण प्रत्येकीच्या वाट्याला वाणावाणांतल्या फरकाचा पाचवा हिस्सासुद्धा येत नव्हता. इलिनॉयमध्ये टेक्स-6 चा नकाशा झाला. मर्लिन वॉरबर्टन यांच्या पुढाकाराने एमपी-717 आणि एमपी-715 यांचे नकाशे झाले. 2013 च्या सुमाराला जगभरातून गोळा केलेली सुमारे 300 वाणे एकत्र लावून त्यांच्यातही हा शोध घेतला गेला. जागा वाढत गेल्या, जवळजवळ सगळ्या गुणसूत्रांवर सापडल्या. एका संकरातली जागा दुसऱ्यात कधी पुन्हा दिसे, कधी नाही. कोरड्या वर्षी दिसलेली ओल्या वर्षी गायब होई.

गंमत म्हणजे मक्याचा पहिला पूर्ण जनुकसंच वाचला गेला तो याच बी-73 चा, 2009 मध्ये. बत्तीस हजारांच्या आसपास जनुके, 2.3 अब्ज अक्षरे. जगातल्या सर्वांत नीट वाचलेल्या मक्याला विषाशी झुंजता येत नाही, आणि झुंजणाऱ्याचे पुस्तक तेव्हा न वाचलेले होते.

या नकाशांनी काय दिले, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर सर्वांत मोलाची देणगी नकारार्थीच आहे. एचएम-1 सारखे एक हुकमी जनुक इथे नाही, हे आता नक्की झाले आहे. जो कोणी ‘अफलाटॉक्सिनमुक्त मक्याचे जनुक सापडले’ म्हणून मथळा छापेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पूर्ण मुक्त असे एकही नैसर्गिक वाण अजून सापडलेले नाही. मात्र अनेक लहान जागा एकत्र आणल्या की विष बरेच उतरते, आणि खुणांच्या मदतीने त्या एकत्र आणण्याचे काम नुसत्या डोळ्यांनी निवड करण्यापेक्षा नेमके होते.

फ्युमोनिसिनची कथा जरा सुखाची. हे फ्युजेरियम बुरशीचे विष 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॉल्टर मरासास, वेंट्झेल गेल्डरब्लॉम आणि सहकाऱ्यांनी ओळखले. तिथल्या ट्रान्स्काय भागात अन्ननलिकेचा कर्करोग इतका का होतो, या शोधातून ते वाट काढत मक्यापर्यंत आले होते. आपल्या दख्खनलाही या विषाची ओळख आहे: 1995 मध्ये पठारावरच्या काही गावांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले, आणि त्या धान्यात फ्युमोनिसिन सापडले. नॉर्थ कॅरोलिनात जिम हॉलंड आणि गॅरी पेन यांच्या गटाने 2006 मध्ये दोन संकरांत याचा अभ्यास केला. त्यात दिसले की कणीस सडण्याचा गुण आणि विष साठण्याचा गुण जनुकांच्या पातळीवर जवळजवळ हातात हात घालून चालतात. याचा अर्थ पैदासकाराने दर वेळी महागडी चाचणी न करता सडका भाग डोळ्यांनी बघून निवड केली तरी बरेचसे काम होते. गरीब देशातल्या संशोधन केंद्राला असा निष्कर्ष दहा नव्या जनुकांहून उपयोगी वाटला तर नवल नाही.

कारण विष तिथेच मारते. 2004 मध्ये केनियाच्या पूर्व भागात माकुएनी आणि कितुई या जिल्ह्यांत पुन्हा तेच झाले: दुष्काळ, मग अवेळी पाऊस, घरात ओला ठेवलेला मका. 317 आजारी, 125 मृत. बाजारातल्या मक्याचे नमुने तपासले तेव्हा निम्म्याहून अधिक नमुन्यांत किलोला 20 मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त विष होते. तीस वर्षांत विज्ञान गुणसूत्राच्या खुणांपर्यंत पोचले होते, भाकरीपर्यंत नाही. नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने न्यू ऑर्लीन्सच्या गटाबरोबर काम करून 2008 मध्ये टीझेडएआर-101 ते 106 ही सहा वाणे पैदासकारांसाठी खुली केली. आफ्रिकेतल्या मक्याचा आणि अमेरिकेतल्या प्रतिकारक वाणांचा त्यांत संगम आहे.

दरम्यान एक वेगळाच उपाय पुढे गेला. पीटर कॉटी यांनी ॲरिझोनाच्या कापसाच्या शेतात विष न बनवणाऱ्या बुरशीच्या जाती मुद्दाम सोडल्या. त्या जागा अडवतात, विषारी जातींना वाढायला वाव उरत नाही. आफ्रिकेत याच तत्त्वावरचे ‘अफलासेफ’ शेतात टाकले जाते. याच ॲरिझोनात 2017 मध्ये मोनिका श्मिट यांच्या गटाने असा मका तयार केला, ज्याचा दाणा बुरशीच्या विष बनवणाऱ्या जनुकाचा आवाजच बंद करतो. त्या दाण्यांत मोजता येईल इतकेही विष आढळले नाही. तो जनुकीय बदल केलेला मका आहे आणि बाजारात आलेला नाही. कॉटी यांची बुरशीशी लढण्यासाठी बुरशीच वापरण्याची कल्पना मात्र गावच्या माणसाला पटकन पटेल. वीस वर्षांच्या नकाशांनी जे साधले नाही, ते एका साध्या उपायाने अनेक ठिकाणी आधी साधले, हे मान्य करायला नकाशे काढणाऱ्यांनाही जड जाऊ नये. पण अफलासेफ दर हंगामात विकत घ्यावे लागते, आणि बियाण्यात गेलेला गुण बियाण्याबरोबर आपोआप येतो. म्हणून नकाशाचे काम थांबवण्यात शहाणपण नाही.

महाराष्ट्रात हा विषय कोणाच्या तरी दूरच्या देशाचा उरलेला नाही. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना या पट्ट्यातला खरिपाचा मका ऑक्टोबरमध्ये काढणीला येतो, म्हणजे नेमका परतीच्या पावसाच्या तोंडी. 2018 पासून लष्करी अळीने कणसांना भोके पाडायला सुरुवात केली आहे आणि बुरशीला ती भोके पुरतात. यातला बराच मका कोंबड्यांच्या खाद्यात जातो. सातपुड्यातल्या भिल्ल पाड्यांवर आजही मक्याची भाकरी रोजची आहे. वाण कोणतेही असो, कणसे पावसात शेतात पडू न देता लवकर काढावीत, दाणे ओलावा 13 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत वाळवून मगच पोत्यात भरावेत. किडके आणि बुरशी धरलेले दाणे निवडून बाजूला काढले तरी विषाचा बराच भाग निघून जातो. काढलेले दाणे मात्र गव्हाणीत टाकू नयेत. गाईम्हशीने ते खाल्ले तर विष एम-1 या रूपात दुधात उतरते, आणि दुधासाठी भारतात घातलेली मर्यादा किलोला अवघी 0.5 मायक्रोग्रॅम आहे. असे दाणे खोल खड्ड्यात पुरावेत.